तीन नंबरच्या चॅनेलवर

हे रचलेलं नाही. माझ्यासमोर घडलंय.

पटलं नाही तर पुढे सरका, मला राग येणार नाही. या पेजवर मीही रोज येतो. कमेंटमध्ये लोक कसे तुटून पडतात ते मला माहीत आहे. ‘लाईट गेली होती का?’, ‘भाऊ, किती घेतली होती?’ असं विचारणारे लगेच हजर असतात. म्हणून आधीच सांगतो. लाईट होती. मी पीत नाही. आणि रात्रही नव्हती.

गेल्या जानेवारीतली दुपार होती. उन्हं खिडकीतून आत आली होती. जागा म्हणजे वांगणीच्या पुढे, शेतांच्या मधोमध बांधलेल्या एका रिसॉर्टचा हॉल. नाव सांगत नाही, त्यांचा धंदा आहे.

माझं नाव भूपेश. राहायला बदलापूरला. मी साउंडवाला आहे, पण लग्नातला डीजेवाला नाही. परदेशी पाहुण्यांच्या मोठ्या मीटिंगा असतात ना, मंत्री, राजदूत वगैरे, तिथलं आमचं काम. हॉलच्या मागच्या बाजूला काचेच्या छोट्या खोल्या उभ्या करायच्या. त्यांना बूथ म्हणतात. एका बूथमध्ये एक भाषा. आत इंटरप्रिटर बसतात, म्हणजे दुभाषी. समोर मंत्री बोलतोय आणि त्याच वेळी, त्याच्या मागोमाग, बूथमधला माणूस तेच दुसऱ्या भाषेत बोलतोय. प्रत्येक भाषेला एक चॅनेल. पाहुण्याने हेडफोन लावायचा, रिसीव्हरवर आपल्या भाषेचा नंबर लावायचा आणि ऐकायचं.

मैत्रेयी माझी बायको. ती बूथच्या आत असायची, मी बाहेर.

ती फ्रेंचची इंटरप्रिटर. मला फ्रेंच अजिबात येत नाही. बायको दिवसभर बोलते आणि मी तिचा आवाज कमीजास्त करतो, पण कळत काहीच नाही, असा आमचा संसार. ओळखसुद्धा भांडणातून झाली. तिच्या पहिल्या कामाला मी तिच्यावर ओरडलो होतो, ‘मॅडम, बांगड्या काढा, माइकला खणखणतात.’ तिने काढून माझ्याच हातात दिल्या आणि काम संपल्यावर विसरून गेली. मी त्या द्यायला तिच्या घरी गेलो. बांगड्या द्यायला गेला आणि जावई होऊन आला, असं माझा जोडीदार कैलास अजून चिडवतो.

तिच्या कामाचे दोन नियम होते. ते सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिला नियम. बूथमध्ये बसलेला माणूस स्वतःचं काही बोलत नाही. मंत्री म्हणाला ‘मी दुःखी आहे’, तर इंटरप्रिटरही ‘मी दुःखी आहे’ असंच म्हणणार. ‘ते दुःखी आहेत’ असं नाही. जे बोललं जाईल ते आपलंच असल्यासारखं बोलायचं.

दुसरा नियम. बूथमध्ये एकट्याने बसायचं नाही. कायम दोघं. अर्धा तास एक बोलतो, मग दुसरा. कारण हे काम डोकं पिळून काढतं. दुसरा आधी हेडफोन लावून थोडं ऐकतो, मग बोलणाऱ्याच्या मनगटाला हळूच हात लावतो. बोलणारा वाक्य पूर्ण करून आपला माइक सोडतो, दुसरा उचलतो. अर्ध्या वाक्यात कोणी उठत नाही. आणि दुसऱ्याने उचलल्याशिवाय पहिला माइक सोडत नाही.

मैत्रेयीची जोडीदार अनुया. अंबरनाथची. दोघी कॉलेजपासूनच्या.

घरी मात्र ती नियम मोडायची. पोळ्या लाटता लाटता माझ्या आईचं बोलणं फ्रेंचमध्ये करत बसायची. आमची आई बनूबाई, गावची, आगरी बोलणारी, तोंडाने तिखट. शेजारणीला शिव्या घालायची आणि मैत्रेयी त्या शिव्या लगेच फ्रेंचमध्ये उतरवायची. आई हसून हसून खाली बसायची. म्हणायची, ‘माजी शिवी पन कशी मडमेवानी वाटते, आयक!’

त्या दुपारच्या दोन वर्षं आधी मैत्रेयी गेली.

मुंबईतल्या एका हॉटेलात मीटिंग होती, साउंड आमचाच. अनुयाच्या वडिलांना आदल्या संध्याकाळी दवाखान्यात हलवावं लागलं. तिने तसं कळवलं होतं. ‘दुसरं कोणीतरी देतो,’ असं मीटिंगवाले म्हणाले. कोणी आलं नाही. पाहुणे बसलेले, भाषणं सुरू झालेली. मैत्रेयी एकटीच बोलत राहिली. मध्ये जेवण झालं, तेवढंच. मग पुन्हा संध्याकाळपर्यंत.

परतताना गाडीत ती गप्प होती. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. काम झाल्यावर ती नेहमीच गप्प असायची. ‘आज शब्द संपले,’ एवढं म्हणायची आणि घरी येऊन चहा पिईपर्यंत बोलायची नाही. त्या दिवशी तेवढंही म्हणाली नाही. खिडकीला डोकं टेकून बसली. काटई नाका गेल्यावर मी तिला हाक मारली...

तिने ओ दिली नाही.

मेंदूतली शीर फुटली होती. कामाचा आणि त्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते म्हणतात तर तसंच असेल.

पण मला एक गोष्ट आतून खात राहिली. शेवटचे शब्द असे तिचे काही नाहीतच. त्या दिवशी ती सकाळपासून बोलत होती आणि त्यातला एकही शब्द तिचा नव्हता.

अनुयाने त्यानंतर बूथमध्ये पाय ठेवला नाही. ती अंबरनाथला मुलांना फ्रेंच शिकवते. मी मात्र काम सोडलं नाही. दुसरं येतं काय मला?

तर आता ती दुपार.

पाच-सहा देशांचे पाणीपुरवठ्याचे मंत्री येणार होते. दुसऱ्या दिवशी मीटिंग, तिसऱ्या दिवशी जांभूळ गावचं पाणी शुद्ध करायचं केंद्र बघायचं, असा कार्यक्रम. आम्ही आदल्या दिवशी सामान लावायला गेलो होतो. मी आणि कैलास. कैलास विठ्ठलवाडीचा. आमच्या उल्हासनगरच्या गोडाऊनमधला सगळ्यात धीट माणूस, असं तो स्वतःच सांगतो. हॉलमध्ये सुतार स्टेज ठोकत होते, मंडपवाले पडदे लावत होते, सगळी बोंबाबोंब चालली होती.

चार बूथ उभे केले. तीन नंबर फ्रेंच. इंटरप्रिटर दिल्लीहून दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. बूथ रिकामे होते. आतले दिवेसुद्धा मी अजून जोडले नव्हते.

कैलास खुर्च्यांमधून फिरत रिसीव्हर तपासत होता. अचानक थांबला.

‘भाऊ, तीन नंबरला कोण बसवलंय?’

‘कोणी नाही. का?’

‘बाई बोलतेय.’

मी हसलो. म्हटलं, कुठलं तरी रेडिओ स्टेशन घुसलं असेल.

‘रेडिओ नाय भाऊ. तू ऐक.’

मी त्याच्या हातातून हेडफोन घेतला. कानाला लावला.

आधी काहीच नव्हतं. नुसती खरखर...

मग कोणीतरी श्वास घेतला.

नाकाने, थोडासा, घाईत. लांब वाक्याआधी घ्यायची तसा.

मला बोलणं ऐकायची गरजच पडली नाही. दहा वर्षं मी तो श्वास कानात घेऊन बसलो होतो. खुर्चीचा आधार घेतला.

मैत्रेयी बोलत होती.

फ्रेंचमध्ये. अखंड.

मी तीन नंबरच्या बूथकडे बघितलं. काचेमागे अंधार. दोन रिकाम्या खुर्च्या. डाव्या खुर्चीपुढच्या माइकभोवती बारीक लाल कडं पेटलं होतं. माइक चालू असला की ते पेटतं.

मी धावत गेलो. दार उघडलं. कोणी नाही. बटण दाबलं, कडं विझलं नाही. मागची वायर उपटली. आता लाल कडं गेलं...

आवाज गेला नाही.

मी रिसीव्हर हातात धरून हॉलच्या बाहेर आलो. आमची ही सिस्टम उजेडासारखी चालते. भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून तर अशा गुपचूप मीटिंगांना लावतात. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि आवाज बंद. समोर शेतं, लांबवर कर्जतची गाडी जात होती. आत पाऊल टाकलं...

पुन्हा ती.

म्हणजे रेडिओ नव्हता. जे होतं ते त्या चार भिंतींतच होतं.

तेवढ्यात एक सुतार लांबून ओरडला, ‘ओ शेठ, जांभूळचा बॅनर कुठं लावू?’

आणि हेडफोनमध्ये, क्षणभराने... तिच्या आवाजात, फ्रेंचच्या मधोमध, ‘जांभूळ’.

फ्रेंच मला येत नाही. पण जांभूळ कळतं.

मी हळूच म्हटलं, ‘कैलास.’ कानात ‘कैलास’ आलं. आमच्या कंपनीचे मालक नोतन शेठ यांचा फोन आला, तो मी मुद्दाम स्पीकरवर टाकला. ‘अरे साईं, सिस्टम ओके है ना? कल नाक मत कटवाना!’ शेठचं हिंदी तिने पटकन फ्रेंच करून टाकलं. इतर वेळी मला हसू फुटलं असतं.

हॉलमध्ये जो कोणी जे काही बोलत होता, ते ती करत होती. सुताराचं, मंडपवाल्याचं, चहावाल्याचं. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं.

‘भाऊ, चल ना, निघू,’ कैलास म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते. ‘लफडं आहे हे. अपुन नाय थांबणार.’

तिने तेही केलं.

मी भिंतीकडे तोंड करून, रिसीव्हर छातीशी धरून बोललो.

‘मैत्रेयी, तू आहेस का?’

कानात फ्रेंच. तिच्या नावासकट. शेवटी आवाज वर चढला, प्रश्न विचारताना चढतो तसा. तिने माझाच प्रश्न मला विचारला होता.

‘तुला काही सांगायचंय का?’

पुन्हा तेच. माझं वाक्य, तिचा आवाज.

‘अगं, माझ्याशी बोल ना.’

तिने तेही बोलून दाखवलं. मग थांबली आणि पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.

बूथमधला माणूस स्वतःचं काही बोलत नाही. ती नियम पाळत होती. दोन वर्षांनी माझी बायको माझ्या कानात बोलत होती आणि माझ्याशी बोलू शकत नव्हती. मला रडू आवरेना. सुतार हातोडी धरून माझ्याकडे बघत उभे राहिले.

ऐकता ऐकता मला आणखी एक गोष्ट कळली, आणि तिने मी हादरलो.

तिचा घसा बसला होता.

शब्दांच्या कडा फाटत होत्या. मध्येच खोकला दाबत होती. श्वास पुरत नव्हता. तरी कोणी तोंड उघडलं की ती सुरू.

मी स्टेजवर चढलो आणि ओरडलो, ‘सगळे गप्प बसा! एक शब्द कोणी बोलायचा नाही!’

लोकांना वाटलं, साउंड चेक असेल. हॉल शांत झाला. कानात फक्त तिचा श्वास. भराभर, मग जरा सावकाश, मग आणखी सावकाश. ती दम खात होती.

तेवढाच आराम मी तिला देऊ शकलो. पण माणसं किती वेळ गप्प बसणार? कोणीतरी शिंकलं, कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, ‘काय झालं रे याला?’ आणि ती पुन्हा कामाला लागली.

मी त्यांना हात जोडून बाहेर काढलं. उद्या सकाळी करा, म्हटलं. पण उद्या सकाळी इथे मंत्री बसणार होते. दिवसभर बोलणार होते. दिल्लीच्या दोघी येणार होत्या, पण त्या आपल्या माइकवर बोलणार. हिचा माइक सोडवायला कोण येणार होतं?

ती अजून एकटीच होती.

मी अनुयाला फोन लावला. काय सांगायचं तेच सुचेना. म्हटलं, ‘वांगणीला येशील? आत्ता. मैत्रेयीचं काम आहे.’

ती एवढंच म्हणाली, ‘येते.’

ती आली तेव्हा उन्हं उतरली होती. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो, कैलास आणि मी, आणि तोंड मिटून बसलो होतो. मी काही न बोलता तिच्या कानाला हेडफोन लावला. मग म्हटलं, ‘ऐक.’

अनुयाने तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण तिने हेडफोन काढला नाही.

‘ती माझंच बोलणं परत बोलतेय ना?’ मी विचारलं.

अनुयाने मान हलवली. थोडं ऐकलं. मग तिच्या कपाळावर आठी आली.

‘आणखी काहीतरी बोल. लांबलचक बोल.’

मी सुचेल ते बोललो. रस्ता, ट्रॅफिक, सामानाची गाडी. अनुया डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी तिने माझा हात घट्ट धरला.

‘हे तू नाही बोललास.’

‘काय?’

‘मध्ये एक वाक्य येतंय. वक्ता फार भरभर बोलायला लागला की आम्ही म्हणतो तसलं. तेव्हाही आम्ही स्वतःला मी म्हणत नाही, दुभाषी म्हणतो.’ तिचा आवाज कापत होता. ‘ती म्हणतेय... कृपया सावकाश बोला. दुभाषी एकटी आहे.’

मी दुसरा हेडफोन उचलून कानाला दाबून धरला.

‘परत परत म्हणतेय, भूपेश.’

मी दुपारपासून तिचं एक स्वतःचं वाक्य मागत होतो. ते ती सारखं बोलत होती. मला कळत नव्हतं.

अनुयाने डोळे पुसले. ‘मी आत जाते. माइक मी घेते.’

‘थांब जरा,’ मी म्हटलं.

‘कशाला?’

‘तिचा आवाज जाईल गं.’

लपवत नाही. मलाच तिला सोडवायचं होतं, त्यासाठीच मी अनुयाला बोलावलं होतं. पण तो आवाज मला दोन वर्षांनी मिळाला होता. तो गेला की संपलं. मला अजून थोडा हवा होता. एक तास. निदान अंधार पडेपर्यंत.

अनुया माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘तू ऐकतोयस, भूपेश. ती काम करतेय.’

मी मागे जाऊन वायर पुन्हा जोडली. डावीकडचं लाल कडं लगेच पेटलं.

अनुया म्हणाली, ‘तू माइकवर बोल. बोलणारा असेल तरच मला तिच्याकडून घेता येईल. आणि सावकाश बोल.’

मी कानाला हेडफोन लावून स्टेजवर माइकपुढे उभा राहिलो. समोर रिकाम्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक रिसीव्हर. कैलास दारापाशी, अर्धा आत, अर्धा बाहेर. तीन नंबरच्या काचेमागे अनुया उजव्या खुर्चीवर बसली. बांगड्या काढल्या. हेडफोन लावला.

मी बोलायला लागलो. एकेक वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर थांबत.

‘मैत्रेयी, घरी सगळं ठीक आहे.’

‘आई बरी आहे. गुडघे दुखतात. शिव्या अजून तशाच देते.’

‘तुझा चहाचा मग मी कोणाला वापरू देत नाही.’

‘अनुयाचे वडील बरे झाले. तिच्यावर राग धरू नकोस.’

काचेमागे अनुया हुंदके देत होती. तिला सुरुवातच करता येईना. मी बोलत राहिलो. मग मला दिसलं, तिने दचकून आपल्या मनगटाकडे बघितलं...

आणि डावीकडचं लाल कडं विझलं.

उजवीकडचं पेटलं.

माझ्या कानात अनुयाचा आवाज आला. फ्रेंचमध्ये, रडवेला, पण न अडखळता.

झालं. सुटका झाली. बोलणं थांबवायला हवं होतं. पण मी थांबलो नाही, कारण बूथचं मागचं दार उघडताना मला दिसलं.

सावकाश उघडलं. आवाज न करता. माइक चालू असताना बाहेर पडणारे इंटरप्रिटर उघडतात तसं. तसंच मिटलं.

मग काहीच नाही. पावलं नाहीत, सावली नाही.

थोड्या वेळाने समोर तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवरच्या रिसीव्हरचा दिवा लागला.

त्याच्या छोट्या पडद्यावर शून्य आकडा होता. मी माइक हातात घेऊन खाली उतरलो आणि वाकून बघितला. शून्य नंबर म्हणजे भाषांतर नाही, माइकवर जे बोललं जातंय ते मूळ, जसंच्या तसं. परदेशी पाहुण्यांत तो नंबर सहसा कोणी लावत नाही. ज्याला बोलणाऱ्याची भाषा येते तोच लावतो.

ती माझं मराठी ऐकत होती.

मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बायकोशी बोलायचं असतं ते बोललो. काटई नाक्यापासून जे बोलायचं राहिलं होतं ते. अनुया सगळं फ्रेंच करत होती, तो तिचा धर्म. दिवा एकसारखा पेटलेला होता. मला वाटलं, हे असंच चालू राहावं.

कधीतरी माझे शब्द संपले. दिवा जरासा मंद झाला... की माझे डोळे भरले होते म्हणून तसं दिसलं?

मी घाबरलो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

‘जाऊ नकोस गं. थांब इथेच.’

कानात सगळं शांत.

अनुया बोललीच नाही. काचेमागून माझ्याकडे बघत बसली. ते वाक्य तिने केलं नाही. पण त्याचा काय उपयोग होता? शून्य नंबरवर ऐकणाऱ्याला भाषांतर लागतच नाही.

त्याच क्षणी सगळा हॉल काळोखात गेला. कैलासला ते सहन झालं नव्हतं. त्याने मेन स्विच पाडला होता.

पुन्हा लाईट लावली तेव्हा तो रिसीव्हर बंद होता. तीन नंबरवर खरखरसुद्धा नव्हती.

आमचे हे रिसीव्हर सिग्नल गेला की आपोआप बंद होतात. त्यामुळे तो दिवा का विझला, हे मला सांगता येत नाही. ती निघून गेली म्हणून, की कैलासने स्विच पाडला म्हणून. मी तिला सोडवलं, की सुटलेल्या बाईला पुन्हा बसवून ठेवलं. साउंडमधलं काहीही मला विचारा, मी सांगेन. हे मला माहीत नाही.

अनुयाला परत सोडताना तिने एकच गोष्ट सांगितली. म्हणाली, ‘मी तिच्या मनगटाला हात लावायला गेलेच नाही. माझा धीरच झाला नाही. तिनेच माझ्या लावला. हात गार नव्हता रे. आपल्यासारखा होता.’

दुसऱ्या दिवशी मीटिंग नीट पार पडली. मंत्री पाण्यावर बोलले, दिल्लीच्या दोघी अर्ध्या अर्ध्या तासाने बदलत राहिल्या. मी दिवसभर तीन नंबर कानाला लावून बसलो होतो. तिसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. का बसलं नाही, ते मी विचारलं नाही.

काम संपवून घरी आलो. जेवण झाल्यावर आईला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवता येत नाही. सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य सांगितलं नाही.

आई बराच वेळ पदर डोळ्याला लावून बसली. मग तिने विचारलं, ‘मंग सुटली काय रं पोर?’

मी हो म्हटलं.